रडण्याला गुण नसलेला वर्ग

वाशी स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांच्या अंतरावर असलेल्या एका शैक्षणिक संस्थेत ‘मानसिक आघात आणि प्रयोगकला’ या विषयावरचा, पदव्युत्तर विद्यार्थ्यांबरोबरच बाहेरच्यांनाही खुला असलेला वर्ग मी नुकताच पूर्ण केला. बारा शनिवार, दर शनिवारी पाच तास, म्हणजे एकूण 60 तास आणि 4 श्रेयांक, असे त्याचे स्वरूप होते. शुल्क साडेनऊ हजार रुपये. मी कळव्यात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि दरवर्षी मुलांची एकांकिका बसवते. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणणारी एकांकिका बहुधा क्रमांकात येते, हे स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांकडून अत्याचार, आत्महत्या, घरातला मृत्यू असले प्रवेश, त्यांच्या स्वतःच्या घरी काय चालले आहे याची चौकशीही न करता, तालमीत पिळून काढण्याची सवय आम्हा बसवणाऱ्यांना लागलेली आहे. त्या सवयीची बोच होती, म्हणून हा वर्ग निवडला. पुढे एक तक्रार लिहायची असल्याने संस्थेचे नाव येथे देत नाही.

पहिल्या दिवशी हातात पडली ती सहा पानांची आचारसंहिता. अशी पत्रके बहुतेक ठिकाणी सही करून फाइलला लावण्यापुरती असतात. येथे पहिले अडीच तास तिच्या वाचनात गेले आणि प्रत्येक कलमावर वाद घालण्याची मुभा होती. स्वतःवर गुदरलेला प्रसंग सादर करायचा असेल तर तो किमान दोन वर्षे जुना असावा. दुसऱ्याचा प्रसंग घ्यायचा असेल तर त्या व्यक्तीची संमती घ्यावी आणि ती आई किंवा आजी असली तरी ‘घरचीच तर आहे’ ही सबब चालणार नाही. तालमीत विचारल्याशिवाय कोणी कोणाला स्पर्श करणार नाही. मोबाइलवर चित्रण नाही. कोणीही, कधीही, कारण न सांगता वर्गाबाहेर जाऊ शकेल. शिकवणाऱ्या दोघांनी आपण समुपदेशक नाही हे लेखी मान्य केले होते. शेवटच्या पानावर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार नेमलेल्या अंतर्गत तक्रार समितीचा तपशील आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक छापलेला होता.

सर्वांत जास्त खटके उडाले ते मूल्यमापनाच्या कलमावर. त्यात सरळ लिहिले होते की सादरकर्ता किंवा प्रेक्षक रडला, यासाठी गुण वाढणार नाहीत आणि कमीही होणार नाहीत. एका ज्येष्ठ हौशी नटाने, ‘मन मोकळे झाले की माणूस बरा होतो’, असे ठामपणे मांडले. त्यावर मिळालेले उत्तर मला पटले. एखाद्या दुर्घटनेनंतर लगेच माणसांना एकत्र बसवून, घडलेले सारे एकाच बैठकीत बोलून घेण्याची पद्धत 1980 च्या दशकात परदेशी अग्निशमन दलांत आणि रुग्णवाहिका सेवांत रुजली होती. तिच्यावरच्या चाचण्यांचा जो कॉक्रेन आढावा (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा) 2002 साली निघाला, त्यात अशा एका बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत असल्याचे दिसले नाही, उलट काहींना अपाय झाल्याची शक्यता नोंदवली गेली. जखम उघडी करणे आणि ती भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून आमच्या पदरात पडले. नटाचे समाधान झाले नाही. तो अखेरपर्यंत वाद घालत राहिला आणि त्यामुळे वर्गाचा फायदाच झाला, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष कामात सर्वांत उपयोगी ठरली ती भूमिका उतरवण्याची रीत. प्रवेश संपला की त्यात वापरलेली ओढणी, चष्मा, काठी, जे असेल ते भिंतीवरच्या खुंटीला लावायचे, मग स्वतःचे खरे नाव, राहण्याचे ठिकाण आणि घरी गेल्यावर करायचे एक काम मोठ्याने सांगायचे. ‘कोपरखैरण्याला राहते, जाताना गिरणीतून दळण घ्यायचे आहे’, असे एक मुलगी नुकतीच खेळलेली मृत्युशय्या मागे ठेवून म्हणाली तेव्हा काहीजण हसले. पण तिचा श्वास जाग्यावर आलेला सगळ्यांना दिसला. आमच्या एकांकिकेच्या तालमीत मी ही रीत सुरू केली आहे.

संमतीचे कलम किती कसाला लागते, हे सहाव्या आठवड्यात कळले. नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी केलेल्या आंदोलनावर 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी गोळीबार झाला आणि त्यात पाच जण हुतात्मा झाले. उरण तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीला त्या दिवसांची आजीची आठवण सादर करायची होती. आजीने नाव वापरायला साफ नकार दिला, सभेतली धावपळ दाखवायलाही नकार दिला. लग्नात धवलारीण गाते त्या धवल्यातल्या काही ओळी तेवढ्या तिने नातीला शिकवल्या. बारा मिनिटांच्या त्या सादरीकरणात गोळीचा आवाज नव्हता. नात तांदूळ निवडत ओळी म्हणत होती, मध्येच एक ओळ गाळत होती आणि सुपातून खडे वेगळे काढून समोर एकेक मांडत होती. पाच खडे झाले तेव्हा खोलीतला पंखा ऐकू येत होता. मागितलेले सगळे मिळाले असते तर हे सुचले नसते, असे तिनेच आपल्या रोजनिशीत लिहिले.

वाचनाचा भाग मात्र कमकुवत होता. आघातोत्तर ताणविकाराला अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात 1980 साली जागा मिळाली, त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता, ही पार्श्वभूमी नीट सांगितली गेली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी आघातातून सावरण्याचे 1992 साली मांडलेले सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि पुन्हा माणसांत येणे हे तीन टप्पेही समजले. पण दर आठवड्याची चाळीस-पन्नास पाने इंग्रजीत, आणि मराठीतले वाचन बारा आठवड्यांत अवघे दोनदा. त्यातले एक विजय तेंडुलकरांचे, 1967 साली रंगभूमीवर आलेले ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. आम्हाला दिलेले काम असे होते की अभिरूप खटल्याचा खेळ ज्या क्षणी खेळ राहत नाही, तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि त्या क्षणी आचारसंहितेचे कोणते कलम मोडले ते समासात लिहायचे. नाटकाची नायिका बेणारे बाई निघू पाहतात आणि दाराला बाहेरून कडी लागलेली असते, त्या जागी जवळजवळ सर्वांची खूण होती.

त्याच शनिवारी आमच्या दाराची गोष्ट बाहेर आली. वर्गाच्या दाराशी अंगठ्याचे हजेरीयंत्र आहे आणि अर्ध्या तासाहून जास्त बाहेर राहिल्यास ते त्या सत्राची गैरहजेरी लावते. वर्गातल्या एक परिचारिका इस्पितळाचे प्रवेश चालू असताना तीन वेळा बाहेर जाऊन जिन्यावर बसल्या होत्या. त्यांची हजेरी 75 टक्क्यांखाली गेली आणि कार्यालयाने त्यांच्याकडे कारणासह लेखी अर्ज मागितला. कारण न सांगता जाता येईल हे कलम आणि कारण लिहून द्या हा निरोप, दोन्ही एकाच संस्थेचे. शिकवणाऱ्यांनी खेद व्यक्त केला, पण यंत्र आपल्या अखत्यारीत नसल्याचे सांगितले. नवव्या आठवड्यात आमच्या तुकडीपुरती कागदी नोंदवही आली. तोवर त्या बाई बाहेर जाणे टाळून भिंतीकडे तोंड करून बसू लागल्या होत्या. हे पाहून मला जी लाज वाटली ती संस्थेला वाटली की नाही, कळायला मार्ग नाही.

मूल्यमापन 40 गुणांचा प्रयोग, 30 गुणांचा निबंध, 20 गुणांची रोजनिशी आणि 10 गुणांची हजेरी असे होते. निबंध तपासून मिळाला तेव्हा समासातले शेरे सविस्तर होते. प्रयोगाचे गुण मात्र नुसते आकड्यात कळवले. खोलीतले वातानुकूलन अतिथंड आहे, शाल न्यावी. ट्रान्स-हार्बर लोकलने येणाऱ्यांनी सकाळी साडेनऊच्या वर्गासाठी शनिवारचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे.

नाटक बसवणाऱ्या शिक्षकांना मी हा वर्ग सुचवेन. स्वतःच्या दुःखावर उपाय शोधणाऱ्यांना सुचवणार नाही, आणि शिकवणारेही तसे पहिल्याच दिवशी सांगतात. शुल्क भरण्याआधी आचारसंहितेची प्रत मागितली तर मिळते. प्रत घेताना पुढच्या तुकडीची हजेरी यंत्रावर आहे की वहीत, हे कार्यालयात विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.