सॉलिडवर्क्सच्या ऑनलाइन कोर्सची वर्गणी दुसऱ्या वर्षी भरावी का?

गेल्या आठवड्यात बँकेचा संदेश आला, की चोवीस तासांनंतर सॉलिडवर्क्स या संगणकावर यंत्रभाग रेखाटण्याच्या सॉफ्टवेअरच्या कोर्सची पुढील वर्षाची वर्गणी खात्यातून आपोआप वळती होईल. मूळ किंमत 12,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 14,160 रुपये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा आवर्ती वसुलीला ओटीपी लागत नाही, केवळ चोवीस तास आधी कळवणे बंधनकारक असते. कंपनीने किंमत त्या मर्यादेच्या आत बेतून ठेवली असावी, असा माझा संशय आहे. मी ती वसुली थांबवली आणि मगच शांतपणे हिशेब मांडायला बसलो.

आमचे सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत शीट मेटलचे छोटे वर्कशॉप आहे. मशिनांचे गार्ड, कंट्रोल पॅनेलच्या पेट्या, टॉवेल कारखान्यांतील मागांची कव्हर अशी कामे आम्ही करतो. सॉफ्टवेअरचा परवाना आधीपासून होता, कमी पडत होते ते शिकलेले हात. डिप्लोमा करून नुकताच रुजू झालेला एक मुलगा आणि मी, अशा दोघांसाठी हा कोर्स घेतला. पुण्यातील वर्गात शनिवार-रविवारी जायचे, तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची आणि रात्री परतायचे. त्यात प्रवासखर्च आणि बुडालेला शनिवार धरला, तर ऑनलाइन वर्गणी स्वस्तच पडत होती. त्या निर्णयाबद्दल आजही तक्रार नाही.

स्केच, कन्स्ट्रेंट, फीचर आणि असेंब्ली हे भाग उत्तम शिकवले आहेत. प्रशिक्षक भारतीय आहे, उच्चार स्वच्छ आहेत, आणि एखादी कमांड का वापरायची हे सांगितल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. आमच्या मुलाच्या घरी तेलुगू बोलतात आणि शाळा मराठीत झाली. इंग्रजी व्याख्यान त्याला झेपेल का, याची मला धास्ती होती. परंतु व्हिडिओ थांबवून पुन्हा पाहण्याची सोय असल्यामुळे तो वर्गात मागे पडला असता त्यापेक्षा येथे नक्कीच कमी मागे पडला. पहिल्या तिमाहीनंतर मला कोणी विचारले असते, तर मी डोळे झाकून पाच तारे दिले असते.

त्यानंतर ड्रॉईंगचे प्रकरण आले.

या संपूर्ण कोर्समध्ये ड्रॉईंगला एकच छोटा भाग दिला आहे आणि तोही सगळा थर्ड अँगलमध्ये (वस्तूची दृश्ये कागदावर मांडण्याच्या दोन पद्धतींपैकी एक; दुसरी फर्स्ट अँगल), इंचांत, अमेरिकन टेम्प्लेटवर. शिकवणारा भारतीय, शिकणारे बहुसंख्य भारतीय, भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी 46 या ड्रॉईंगच्या मार्गदर्शिकेत फर्स्ट अँगल प्रोजेक्शन सांगितलेले, आपल्याकडील डिप्लोमा आणि आयटीआयमध्ये मुले तेच गिरवून आलेली. तरीही या प्रशिक्षकाने फर्स्ट अँगल हे दोन शब्द संपूर्ण भागात उच्चारलेले नाहीत. शीटवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये टाइप ऑफ प्रोजेक्शन बदलले की काम होते, ही एका मिनिटाची गोष्ट आहे, असे कोणीही म्हणेल. तेच तर माझे म्हणणे आहे. ज्या कोर्समध्ये निर्जीव ब्रॅकेटला क्रोमचा मुलामा देऊन त्यावर शोरूमसारखा प्रकाश पाडण्यासाठी अर्धा तासाहून अधिक वेळ खर्च होतो, त्यात ही एक मिनिटाची सूचना का बसू नये?

ज्याने कधी कारखान्यात ड्रॉईंग खाली पाठवलेले नाही, त्याला ही कुरकुर वाटेल. थर्ड अँगलमध्ये उजव्या बाजूचे दृश्य उजवीकडे काढतात. फर्स्ट अँगलमध्ये उजवीकडे काढलेले दृश्य डाव्या बाजूचे असते. वस्तू दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर कोणाचेच काही बिघडत नाही. आमच्या कव्हरला मात्र बिजागरीची छिद्रे एकाच बाजूला होती. मुलाने कोर्समध्ये दाखवल्याप्रमाणे थर्ड अँगलमध्ये ड्रॉईंग काढले, प्रेस ब्रेकवरच्या, म्हणजे पत्रा वाकवण्याच्या मशीनवरच्या, आमच्या जुन्या कारागिराने आयुष्यभराच्या सवयीने ते फर्स्ट अँगल म्हणून वाचले, आणि डाव्या हाताचे कव्हर उजव्या हाताचे होऊन बाहेर आले. वाकवलेला पत्रा उलटा करून वापरता येत नाही. तो भंगारातच जातो. कारागिराला मी दोष देत नाही, मुलालाही नाही, कारण ड्रॉईंगच्या कोपऱ्यात कोणता अँगल वापरला हे सांगणारी शंकूछेदाची (टोक कापलेल्या शंकूची) खूण टाकायची असते, हेसुद्धा त्या कोर्सने त्याला सांगितले नव्हते.

मी कंपनीला लिहिले. उत्तर आले, की अभ्यासक्रम जागतिक मानकांनुसार आहे. मी पुन्हा लिहिले, की आयएसओ फर्स्ट अँगलही मानते आणि भारताप्रमाणे युरोपातही तेच चालते. त्यावर तक्रार 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद करण्यात आली. सरावाच्या फाइलींची कथा याच्याच जोडीची आहे. त्या आमच्या आवृत्तीपेक्षा नव्या आवृत्तीत जतन केलेल्या असल्यामुळे उघडत नव्हत्या. जुन्या सॉलिडवर्क्समध्ये नवी फाइल उघडत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे; पण 2024 च्या आवृत्तीपासून फाइल मागील दोन आवृत्त्यांपर्यंत जतन करण्याची सोय आली आहे, ती वापरण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. आम्हालाच सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याचा सल्ला मिळाला. बारा हजारांच्या कोर्ससाठी परवान्यावर पुन्हा लाखाच्या घरात खर्च करा, असा त्याचा अर्थ होतो.

जीएसटीचे बिलही असेच अडले. खाते उघडताना आमचा जीएसटी क्रमांक भरूनही बिल वैयक्तिक नावावर निघाले, त्यामुळे 2,160 रुपयांचे इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळाले नाही. एकदा निघालेले बिल बदलता येत नाही, या एका वाक्यापलीकडे त्यांची मदत कधी गेली नाही.

येथपर्यंत लिहून मी हे प्रकरण मिटवणार होतो. पण शीट मेटलच्या भागाने माझे मत बरेच बदलले. तो मी उशिरा पाहिला, कारण जे काम आपण रोज करतो त्यात नवीन काय, असे वाटले होते. प्रशिक्षकाने तेथे के-फॅक्टर (वाकवताना न ताणला, न दाबला जाणारा थर पत्र्याच्या जाडीत कुठे येतो ते सांगणारा आकडा) ज्या रीतीने समजावला आहे, तसा मला कोणत्याही वर्गात ऐकायला मिळाला नव्हता. दोन मिलिमीटर पत्रा, आतील त्रिज्या दोन मिलिमीटर आणि नव्वद अंशांचा बेंड धरा. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून दिसणारा 0.5 हा के-फॅक्टर तसाच ठेवला, तर बेंड अलाउन्स, म्हणजे वळणात लागणारी पत्र्याची लांबी, 4.71 मिलिमीटर येतो, 0.4 धरला तर 4.40. एका बेंडमागे 0.31 चा फरक किरकोळ वाटतो, पण चार बेंडच्या चॅनेलमध्ये तो सव्वा मिलिमीटर होतो, आणि सव्वा मिलिमीटरने पॅनेलचे दार बसत नाही. यावर त्याचा उपाय असा, की तक्त्यावर विसंबून न राहता आपल्याच पत्र्याची मोजलेल्या लांबीची पट्टी कापावी, आपल्याच मशीनवर वाकवावी, बाहेरील मापे घ्यावीत आणि त्यावरून के-फॅक्टर उलटा काढावा. आम्ही ते केले. आमच्या डायवर तो 0.4 च्या आसपास निघाला. तेव्हापासून लेझर कटिंगला पाठवलेला डेव्हलप्ड ब्लँक (वाकवण्याआधीचा सपाट तुकडा) परत कापावा लागलेला नाही. पहिल्या वर्षाचे 14,160 रुपये या एका भागाने फेडले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. तरीही हाच माणूस ड्रॉईंगच्या भागात इतका निष्काळजी कसा, हे कोडे सुटत नाही.

दुसऱ्या वर्षासाठी मात्र पैसे भरावेत असे त्यात काही उरलेले नाही. नवीन भाग म्हणून जे येते ते सिम्युलेशनचे तोंडओळखीचे व्हिडिओ आहेत, आणि एफईएची (भाराखाली भाग टिकेल का हे संगणकावर तपासण्याच्या पद्धतीची) तोंडओळख पाहून कोणी भार सोसणारा ब्रॅकेट तपासू लागला, तर मला त्याच्या ग्राहकाची काळजी वाटेल. तो विषय शिकायचा असल्यास एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य आहेत आणि प्रमाणपत्र हवेच असेल तर परीक्षेचे 1,000 रुपये लागतात. मात्र तेथे बटणे कुठे आहेत हे शिकवत नाहीत, गणित शिकवतात. आता येणाऱ्या दुसऱ्या मुलाला मी आधी फ्रीकॅड या विनामूल्य डिझाइन सॉफ्टवेअरवर बसवणार आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीनंतर ते सरावापुरते पुरेसे स्थिर झाले आहे, परवान्याचा खर्च नाही, आणि त्याच्या टेकड्रॉ विभागात फर्स्ट की थर्ड अँगल हे प्राधान्यांमध्ये स्वच्छ निवडता येते.

ज्यांना कोर्स घ्यायचाच आहे त्यांनी सर्व्हिस आणि सवलतींची जाहिरात वाचण्याआधी ड्रॉईंगच्या भागाचा विनामूल्य नमुना उघडावा आणि शीटच्या टायटल ब्लॉककडे पाहावे. शंकूछेद डावीकडे आणि दोन वर्तुळे उजवीकडे असतील, तर तो फर्स्ट अँगल आहे. वर्तुळे डावीकडे असतील, किंवा तेथे कोणतीच खूण नसेल, तर ड्रॉईंगसाठी वेगळा शिक्षक गाठावा लागेल, हे धरूनच पैसे भरावेत.