दातांचं मोठं काम: टर्की, बुडापेस्ट की पुणे-मुंबई? डॉक्टर घरबसल्या कुठे तपासता येतो

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना दातांचं मोठं काम निघालं की साधारण तीनच रस्ते दिसतात. इन्स्टाग्रामवर सारखी दिसणारी टर्की, ऑफिसातलं कोणीतरी जाऊन आलेलं असतं ते बुडापेस्ट, आणि आई फोनवर म्हणते ते "अगं इकडेच ये ना, आपल्या ओळखीतला आहे". इथे प्रायव्हेटला एका इम्प्लांटचे (जबड्यात स्क्रू बसवून त्यावर दात) दोन-अडीच हजार पाउंड सहज सांगतात आणि एनएचएसवर इम्प्लांट अगदी मोजक्या केसेसमध्येच मिळतं, त्यामुळे बाहेर जायचा विचार करणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. माझ्या नणंदेला खालच्या जबड्यात इम्प्लांट आणि पुढच्या दातांना क्राउन, म्हणजे टोप्या, असं दोन्ही करायचंय, तिच्यासाठी मी हे सगळं बघत बसले होते. किमतींची तुलना सगळेच करतात म्हणून ती इथे नाही. मी एवढंच बघितलं की तिकीट काढायच्या आधी, घरी सोफ्यावर बसून, हा माणूस खरंच डेंटिस्ट आहे का आणि हे काम करण्याइतका शिकलाय का, हे कुठे कळतं आणि कुठे नाही.

एक गोष्ट तिन्हीकडे सारखी. क्लिनिकचं नाव तपासून फारसं काही हाती लागत नाही, तोंडात ड्रिल घालणार कोण त्याचं नाव तपासायचं. संपूर्ण नाव, रजिस्ट्रेशन नंबर, कुठल्या कॉलेजातून काय शिकलाय. हे तीन प्रश्न व्हॉट्सअॅपवर टाका आणि उत्तर कसं येतं ते बघा, अर्धी तपासणी तिथेच होते. मी टर्कीतल्या एका क्लिनिकला विचारलं तर पलीकडून आधी हॉटेलचे फोटो आले, मग एअरपोर्ट पिकअपची गाडी, मग "मॅम, ऑल अवर डॉक्टर्स आर बेस्ट", मग आज बुक केलं तर मिळणारा डिस्काउंट. नाव काही आलं नाही. पुन्हा विचारलं तर म्हणे डॉक्टर कोण ते तुम्ही आल्यावर ठरेल. म्हणजे ज्याने एक्स-रे बघून प्लॅन केला तो वेगळा आणि प्रत्यक्ष दातांचं काम करणारा वेगळा असू शकतो, किंवा प्लॅन कोणी डॉक्टरने केलाच नसेल, कारण चॅटवर बोलणारा पेशंट कोऑर्डिनेटर हा सेल्सवाला असतो, कितीही गोड बोलला तरी.

पण टर्की म्हणजे सगळा बाजारच फसवा असंही नाही, आणि हे मला बघायला बसल्यावरच कळलं. परदेशी पेशंट घ्यायचे असतील तर तिथल्या आरोग्य मंत्रालयाचं हेल्थ टुरिझमचं वेगळं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, २०१७ च्या नियमांपासून, आणि ते क्लिनिकलाही लागतं आणि पेशंट आणणाऱ्या एजन्सीलाही. सरकारचं हेल्थ तुर्किये नावाचं पोर्टल आहे, त्यावर परवानगी असलेल्या संस्था शोधता येतात. तर पहिलं काम हे, की ज्या नावाने क्लिनिक इन्स्टावर धंदा करतंय ते नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव एकच आहे का बघायचं, कारण ब्रँडचं नाव एक आणि कागदावरची कंपनी दुसरीच असं बरंच असतं, आणि पैसे कुठल्या नावावर भरायला सांगतात तेही ताडून बघा. मात्र हे पोर्टल पर्यटन वाढावं म्हणूनही आहे हे विसरू नका, त्यावर नाव असणं म्हणजे परवानगी आहे एवढंच, काम चांगलं आहे असं नाही.

माणूस तपासायचा तर नावाआधीची अक्षरं बघायची. 'डीटी' म्हणजे साधा डेंटिस्ट, त्याआधी 'उझमान'चं 'उझम' लागलं असेल तर स्पेशालिस्ट, आणि कशातला ते पुढे लिहिलेलं हवं, सर्जरीतला की कृत्रिम दातांमधला. प्रत्येक भागात डेंटिस्टांची चेंबर असते, त्यांना ईमेल करून हा मेंबर आहे का विचारता येतं. पण आपल्याला इथल्या जीडीसीच्या, म्हणजे जनरल डेंटल कौन्सिलच्या, रजिस्टरची सवय असते, नाव टाकलं की डिग्री, रजिस्ट्रेशनची तारीख, काही कारवाई झाली असेल तर ती, सगळं समोर, तसं टर्कीत परक्या माणसाला दोन मिनिटांत मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. डिप्लोमाची कॉपी मागावी लागते, ईमेल करावे लागतात, उत्तराची वाट बघावी लागते. एवढी खटपट ज्याला जमणार नाही त्याने टर्कीच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि क्राउनचं. जाहिरातीत व्हिनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा) म्हणतात आणि खुर्चीवर बसल्यावर क्राउन करतात, ही टर्कीबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार. फरक नावापुरता नाही, पूर्ण क्राउनसाठी दाताचा दिसणारा भाग साधारण ६० ते ७० टक्के घासला जातो, व्हिनिअरला त्याच्या कितीतरी कमी, आणि घासलेला दात परत येत नाही. नणंद पस्तिशीची आहे, पुढचे दात चांगले धडधाकट आहेत, फक्त रंग आणि थोडा वाकडेपणा. अशा दातांना वीस क्राउनचा प्लॅन जो कोणी सेल्फी बघून देतो त्याचा नंबर तपासत बसायचीसुद्धा गरज नाही.

बुडापेस्टमध्ये गोष्ट उलटी आहे. तिथे दाखवेगिरी कमी आणि कागद जास्त. हंगेरीत सगळ्या डॉक्टर-डेंटिस्टांचं सरकारी रजिस्टर आहे, ओकेएफओ नावाची संस्था ते सांभाळते, आणि ते ऑनलाइन कोणालाही बघता येतं. प्रत्येक डॉक्टरला एक शिक्क्याचा नंबर असतो, तो त्याच्या रबर स्टॅम्पवर असतो आणि आयुष्यभर तोच राहतो, तेवढा मागून घेतला की काम झालं. रजिस्टरमध्ये त्याची स्पेशालिटी दिसते आणि काम करायचं रजिस्ट्रेशन चालू आहे का तेही, दर पाच वर्षांनी त्यांना ते रिन्यू करावं लागतं. पान हंगेरियन भाषेत आहे पण ब्राउझरचं भाषांतर पुरेसं होतं. एक गंमत लक्षात ठेवा, हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात आणि नाव नंतर, पण इंग्लिश वेबसाइटवर उलट करून देतात, त्यामुळे वेबसाइटवरून कॉपी करून टाकलं की काहीच सापडत नाही आणि आपल्याला वाटतं डॉक्टर खोटा. उलटं करून बघा. मी ज्या क्लिनिककडे नंबर मागितला त्यांनी दुसऱ्या दिवशी तिघांचे नंबर पाठवले, सोबत कोण सर्जरी करणार आणि कोण वरचे दात बसवणार हेही, एकही स्मायली न टाकता.

डिग्री बहुतेकांची सेमेलवाइस, सेगेड, पेच किंवा डेब्रेत्सेन युनिव्हर्सिटीची असते, हंगेरीत डेंटिस्ट्री शिकवतात ती याच ठिकाणी. ऑस्ट्रियन लोक कित्येक वर्षं सीमेपलीकडे शोप्रोन आणि मोशोनमाग्यारोवार या गावांत दात करायला येतात, त्यामुळे परदेशी पेशंटची फाइल सांभाळायची सवय या लोकांना आहे. अडचण आपल्या बाजूने आहे, भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो, आणि इम्प्लांट म्हणजे दोन खेपा, मग व्हिसा मल्टिपल एंट्री मिळाला तर ठीक नाहीतर पुन्हा अपॉइंटमेंटच्या रांगेत. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना हे काहीच नाही.

आता आपलं पुणे-मुंबई, आणि इथेच आपण सगळ्यात कमी तपासतो. इस्तंबूलच्या डॉक्टरला डिप्लोमा मागताना लाज वाटत नाही, पण कोथरूडच्या डॉक्टरला रजिस्ट्रेशन नंबर विचारायचा म्हणजे "काय गं, मावशींनी सांगितलेत ना ते". मावशींची रूट कॅनाल चांगली झाली असेल, त्यावरून जबड्यात स्क्रू बसवायचं कौशल्य कळत नाही.

तपासणं खरं तर सोपं आहे. दंतवैद्यांसाठी १९४८ पासून कायदा आहे, त्याप्रमाणे महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंद असल्याशिवाय राज्यात प्रॅक्टिस करता येत नाही. (राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा २०२३ मध्ये संसदेत पास झालाय, पण राज्यात नोंदणी लागते हे काही बदलत नाही.) २०१४ च्या आचारसंहितेप्रमाणे हा नंबर क्लिनिकमध्ये आणि प्रिस्क्रिप्शन-पावतीवर दिसायलाच हवा, त्यामुळे मागण्यात अपमान वगैरे काही नाही, मावशींना सांगा चिठ्ठीचा फोटो पाठव, नंबर त्यावरच असेल. तो नंबर घेऊन परिषदेच्या नोंदींत बघा, नुसत्या नावावर शोधू नका. कुलकर्णी, देशपांडे, पाटील या आडनावांचे डेंटिस्ट किती असतील विचार करा, शिवाय बाईंनी नोंदणी माहेरच्या नावाने केलेली असते आणि पाटी सासरच्या नावाची असते.

नंतर डिग्री. बीडीएस म्हणजे इंटर्नशिप धरून पाच वर्षं, एमडीएस म्हणजे त्यावर तीन वर्षं एका विषयात. आणि पाटीवर 'इम्प्लांटॉलॉजिस्ट' किंवा 'कॉस्मेटिक डेंटिस्ट' लिहिलेलं असलं तरी त्या नावाची एमडीएस आपल्याकडे नाहीये. इम्प्लांटचं काम साधारण प्रोस्थोडोंटिक्स (कृत्रिम दात), ओरल सर्जरी किंवा पेरिओडोंटिक्स (हिरड्या) वाले करतात, बीडीएसवालेही कोर्स करून करतात आणि काहीजण उत्तम करतात, पण मग किती वर्षं आणि किती केसेस हे विचारायलाच हवं. वीकेंडच्या कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये एमडीएसच्या शेजारी लावलं की दोन्ही सारखीच दिसतात, लाल सील, सोनेरी बॉर्डर, काही फरक नाही. तारखा आणि कालावधी वाचा.

क्लिनिकच्या बाबतीत मात्र महाराष्ट्र टर्कीच्याही मागे आहे असं म्हणावं लागेल. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही आणि नर्सिंग होमचा कायदा खाटा असलेल्या जागांसाठी, त्यामुळे दोन खुर्च्यांच्या डेंटल क्लिनिकसाठी परदेशी पेशंट ताडून बघेल अशी एक यादी नाही. मग आडवळणाने बघायचं: ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) किंवा सीबीसीटीचं (थ्रीडी स्कॅन) मशीन असेल तर एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, नोंदणी हवी, आणि जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी हवी. हे दोन कागद ज्याच्याकडे आहेत आणि जो न चिडता दाखवतो तो बाकीचेही नियम पाळत असण्याची शक्यता जास्त. एनएबीएच या हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या संस्थेचं डेंटलसाठी वेगळं मानांकन आहे, पण ते ऐच्छिक आहे, असेल तर उत्तम, नसलं म्हणजे वाईट असं नाही.

काही बिघडलं तर? इथल्या जीडीसीला बाहेरच्या डॉक्टरवर काही करता येत नाही, हे तिन्हीकडे सारखंच. फरक एवढा की पुण्यात तुमची माणसं आहेत, भाषा आपली आहे, दंत परिषदेकडे तक्रार करता येते, ग्राहक आयोगात जाता येतं, आणि भाऊ किंवा बाबा जाऊन क्लिनिकच्या दारात उभे राहू शकतात, जो इलाज कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिलेला नसतो पण बऱ्यापैकी लागू पडतो.

अमेरिकेतल्या मंडळींसाठी दोन ओळी, कारण कॅलिफोर्निया-ॲरिझोनाकडची बरीच जण मेक्सिकोत लॉस अल्गोदोनेसला जातात, युमाच्या पलीकडे, 'मोलर सिटी' म्हणतात तेच गाव. तिथे प्रत्येक डेंटिस्टला शिक्षण मंत्रालयाचा सेद्युला (व्यवसायाचा परवाना) नंबर असतो, ऑनलाइन फुकटात बघता येतो, आणि स्पेशालिस्टला स्पेशालिटीचा वेगळा सेद्युला असतो. म्हणजे दोन नंबर मागायचे. एकच दिला तर तो जनरल डेंटिस्ट.

वेबसाइटच्या तळाशी असणाऱ्या बिल्ल्यांनी भुलू नका. आयएसओ ९००१ म्हणजे ऑफिसची कामाची पद्धत लिहून ठेवलीय, त्याचा दाताशी संबंध नाही. जेसीआय हे आंतरराष्ट्रीय मानांकन क्लिनिक-हॉस्पिटलला मिळतं, डॉक्टरला नाही, आणि त्यांच्या साइटवर यादी असते तिथे क्लिनिक दिसलं पाहिजे. अमेरिकन कॉस्मेटिक डेंटिस्ट्री अकॅडमीचा मेंबर फी भरून होता येतं, अॅक्रेडिटेड व्हायला परीक्षा आणि केसेस लागतात, बिल्ला लावताना दोन्ही लोक सारख्याच अभिमानाने लावतात. आणि रिव्ह्यू? लोक ते एअरपोर्टवर बसून लिहितात, नवे दात चमकत असताना. इम्प्लांटची खरी परीक्षा वर्षभराने असते, तेव्हा लिहायला कोण येतंय. एक-दोन वर्षांपूर्वीच्या पेशंटशी फोनवर बोलणं करून देतात का विचारा.

तर निवड. नणंदेसाठी माझं मत असं: इम्प्लांट पुण्यात, कारण हाडात स्क्रू पक्का व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि ती दिवाळीला आणि उन्हाळ्यात जातेच, दोन खेपा आपोआप होतात. फक्त डॉक्टर मावशींचा नाही, एमडीएस आणि रजिस्ट्रेशन नंबर बघून शोधलेला. जिला भारतात जायचंच नाही किंवा काम गुंतागुंतीचं आहे, हाड कमी आहे वगैरे, तिने बुडापेस्ट, तिथे कागद सगळ्यात सरळ मिळतात. टर्की फक्त तेव्हा, जेव्हा करणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि प्लॅन ॲडव्हान्स भरायच्या आधी लेखी मिळतो आणि एका आठवड्यात सगळं तोंड नवीन करून देऊ असं कोणी म्हणत नाही. कुठेही गेलात तरी निघण्याआधी इथल्याच डेंटिस्टकडून एक्स-रे आणि त्याचं मत लेखी घ्या, शंभर-दोनशे पाउंड जातील, पण मग समोरचा वाढवून सांगतोय का हे कळतं.

परत येताना इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या, कंपनी, साइज, लॉट नंबर असलेलं. स्ट्रॉमन, नोबेल, ऑस्टेम, जे काही असेल ते. दहा वर्षांनी रेडिंगमधल्या डेंटिस्टने तो स्क्रू उघडायचा म्हटलं तर त्याला कुठलं स्क्रूड्रायव्हर लागेल हे त्या स्टिकरवरूनच कळतं, ते नसेल तर बरेच जण हात लावायला तयार होत नाहीत. स्कॅनची मूळ फाइलही मागा, मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो नको. आणि सुट्टीत गावी गेल्यावर नुसतं क्लीनिंग आणि एखादं फिलिंग करायचं असेल तर यातलं बाकी काही नको, नंबर बघा, हत्यारं ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करायचं मशीन) काढलेल्या सीलबंद पाऊचमधून तुमच्यासमोर उघडतायत का बघा, आणि बसा खुर्चीत.