इटलीतल्या रेजिओनाले गाड्या : स्टेशन खाली, गाव वर

नागपुरातून इटलीला जाणारी बरीच कुटुंबं ग्रुप टूरनेच जातात. रोम, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा, व्हेनिस, की झाली इटली. सिएना, ऑर्व्हिएतो, असिसी, लुक्का ही जुनी गावं त्यात एक तर नसतातच, नाहीतर दीड तासात उरकली जातात. ती आपल्या वेळेने पाहायची असतील तर 'रेजिओनाले' म्हणजे तिथल्या साध्या पॅसेंजर गाड्यांसारखी सोय दुसरी नाही. पाचपैकी चार गुण. एक कापला तो गाडीमुळे नाही, स्टेशनपासून गावापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यामुळे. रामटेकला पायथ्याशी गाव आणि डोंगरावर मंदिर असतं. इथे बहुतेक ठिकाणी अख्खं गावच डोंगरावर आणि रेल्वे स्टेशन पायथ्याशी. दिवस बिघडतो तो याच टप्प्यात.

आधी तिकीट. रेजिओनालेचं भाडं ठरलेलं असतं. महिनाभर आधी घ्या की गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी, रक्कम तीच. फ्लॉरेन्स ते सिएना साधारण दहा युरो. सीट नंबर नसतो, जिथे जागा मिळेल तिथे बसायचं. म्हणून या गाड्यांचं बुकिंग घरबसल्या जास्तीचे पैसे देऊन एजंटकडून करून घेण्यात काहीच फायदा नाही. फ्रेच्चारोस्सासारख्या वेगवान गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे आधी घेतलं तर स्वस्त पडतं आणि सीटही ठरलेली असते.

आपल्या लोकांना दंड बसतो तोही या दोन प्रकारांची गल्लत झाल्यामुळेच. वेगवान गाडीचं तिकीट एका ठराविक गाडीचं असतं, त्यामुळे त्यावर शिक्का लागत नाही. रेजिओनालेचं कागदी तिकीट एका गाडीला बांधलेलं नसतं. शिक्का मारला नाही तर तेच तिकीट पुन्हा वापरता येईल, म्हणून गाडीत चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये ते घालून तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. त्यानंतर ते चार तास चालतं. मशीन बंद असेल तर पेनाने तिकिटावर तारीख, वेळ आणि स्टेशनचं नाव लिहा आणि चढल्याबरोबर स्वतःहून टीसीला गाठा. तो आपल्याकडे येईपर्यंत थांबू नका. मोबाइलवर घेतलेल्या तिकिटाला शिक्का नसतो, पण चढण्याआधी त्यात 'चेक-इन' करावं लागतं, आणि ते विसरणं फार सोपं आहे. 'आम्ही टुरिस्ट आहोत, माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही. तिकिटाच्या मशीनपाशी कुणी आपणहून मदतीला आलं तर हात जोडून नको म्हणा; मशीनवर इंग्रजीचा पर्याय असतोच.

बोर्डवर आपल्या गावाचं नाव शोधू नका, गाडीचं शेवटचं स्टेशन शोधा. फ्लॉरेन्सहून लुक्काला जाणारी गाडी बहुतेक वेळा व्हियारेज्जोच्या नावाने लागलेली असते. रोमहून ऑर्व्हिएतोला जाणाऱ्या गाडीवर फिरेंझे, म्हणजे फ्लॉरेन्स, लिहिलेलं असतं. सगळ्यात खात्रीचा गाडीचा नंबर, तोच मोबाइलवर बघून ठेवा. स्टेशनवर लावलेल्या कागदी वेळापत्रकांत पिवळं सुटणाऱ्या गाड्यांचं, पांढरं येणाऱ्यांचं. रोमच्या टर्मिनी स्टेशनात प्लॅटफॉर्मच्या नंबरापुढे 'एस्त' असेल तर तो बराच पुढे आहे असं समजा आणि दहा मिनिटं हाताशी ठेवा. उतरताना दार आपोआप उघडेल म्हणून उभे राहू नका, बटण दाबावं लागतं.

आता तो शेवटचा टप्पा. यात ऑर्व्हिएतोची व्यवस्था सगळ्यात उत्तम. रोमहून रेजिओनालेने सव्वा ते दीड तास. स्टेशनच्या बाहेर पडलं की समोरच फ्युनिक्युलर, म्हणजे दोरीने ओढला जाणारा डबा. तो काही मिनिटांत कड्यावर पोचवतो. १८८८ साली हा पाण्याच्या वजनावर चालायचा, आता विजेवर चालतो. वर उतरलं की लगेच पोत्झो दि सान पात्रित्सिओ ही विहीर आहे, आणि ती चुकवू नये. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्याने ही खोदवून घेतली. खोली सुमारे ५४ मीटर. आत दोन गोल जिने एकमेकांभोवती फिरतात, पण कुठेच भेटत नाहीत. पखालीची खेचरं एकाने उतरायची, दुसऱ्याने चढायची, त्यामुळे मध्ये कोंडी होत नसे. पायऱ्या २४८ उतरायच्या आणि २४८ चढायच्या. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत, खेचरांसाठी केलेल्या, तरी गुडघ्याचा त्रास असेल तर वरूनच डोकावून बघावं. आत ओल आणि गारवा असतो.

सिएनाचं स्टेशनही खालीच. समोरच्या मॉलमधून एकापुढे एक सरकते जिने वर जातात आणि पोर्ता कामोल्लिया या जुन्या वेशीच्या बाजूला सोडतात. तिथून पियात्सा देल काम्पो या मुख्य चौकापर्यंत वीसेक मिनिटं पायी. ही वाट पहिल्यांदा जाणाऱ्याला सापडत नाही, कारण ती मॉलच्या आत शिरते. म्हणून फ्लॉरेन्सहून सिएनासाठी गाडीपेक्षा बस बरी : ती थेट वर, जुन्या गावाच्या कडेला पोचवते. फक्त 'रापिदा' घ्या. 'ऑर्दिनारिया' वाटेतली गावं घेत जाते. २ जुलै आणि १६ ऑगस्टला काम्पोत पालिओची घोड्यांची शर्यत असते. शर्यतच पाहायची नसेल तर त्या दोन तारखा टाळा, कारण राहायला खोली मिळत नाही आणि चौकात पाय ठेवायला जागा नसते.

असिसीचं स्टेशन खाली सांता मारिया देल्यी आंजेलीत आहे. वर जायला बस असते, तिचं तिकीट स्टेशनातच घेऊन ठेवा. सेंट फ्रान्सिसच्या बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आपल्याकडच्या साडी-सलवारीला अडचण नाही, अडतात ते हाफ पँटवाले. सान जिमिन्यानोला रेल्वेच नाही, पोज्जिबोन्सीला उतरून बस धरावी लागते आणि रविवारी बसगाड्या कमी असतात. वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर सरळ लुक्का गाठा. स्टेशन तटबंदीला लागून आहे, गाव सपाट आहे आणि तटावरची सुमारे ४.२ किलोमीटरची झाडांची फेरी सायकलने किंवा पायी आरामात होते.

मोठ्या बॅगा या गावांत नेऊ नका. दगडी फरसबंदीवर चाकं टिकत नाहीत, आणि छोट्या स्टेशनांवर क्लोकरूम मिळेलच असं नाही. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनात पैसे देऊन सामान ठेवता येतं. भाड्याची कार घेणार असाल तर 'झेड.टी.एल.'ची पाटी दिसताच वळा. जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड नंतर कारवाल्या कंपनीमार्फत घरी येतो, वर कंपनीचं शुल्क वेगळं.

जेवणाचं वेळापत्रक आपलं नाही. दुपारी अडीचच्या सुमारास स्वयंपाकघरं बंद होतात ती संध्याकाळी सातनंतर उघडतात. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दीड-दोन युरो दिसले तर ती फसवणूक नव्हे, बसायचे पैसे आहेत. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्या, टेबलावर महाग पडते. शुद्ध शाकाहारी असाल तर एक गोष्ट नीट लक्षात घ्या : पार्मेसान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, आणि ते पास्त्यावर न विचारता भुरभुरलं जातं. आधीच 'सेंत्सा फोर्माज्जो' सांगा. पिसा आणि लुक्कात 'चेचीना' मागा : हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या गोल तव्यात भट्टीत भाजलेलं, वरून मिरपूड. गरम असतानाच खावं, थांबलं की चामट होतं. तोस्काना, म्हणजे फ्लॉरेन्स-पिसाच्या प्रांतातल्या पावात मीठच नसतं. सावजीची सवय असलेल्यांनी पिझ्झाच्या दुकानात 'ओलिओ पिकान्ते' मागावं, मिरचीचं तेल मिळतं.

निघायच्या आदल्या रात्री 'शोपेरो', म्हणजे संप, आहे का ते बघून ठेवा. रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. अशा दिवशी, सोमवार ते शुक्रवार असेल तर, सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरवून दिलेल्या रेजिओनाले गाड्या सोडाव्याच लागतात. जाणं सकाळच्या आणि परतणं संध्याकाळच्या खिडकीत बसवलं तर संपाच्या दिवशीही ऑर्व्हिएतो होतं.