टो हिच आणि नवा ट्रेलर: काही महिने ओढल्यानंतरचा अनुभव

हिच, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा सांगाडा, घेताना सगळे आधी विचारतात, "किती वजन ओढेल?" एवढे महिने ट्रेलर ओढल्यावर मला वाटतं, त्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. ट्रेलरचं नाक, म्हणजे पुढचं टोक, हिचवर किती भार टाकतंय, आणि हिचची उंची ट्रेलरला जुळतेय का? ट्रेलर मागून सरळ येतो की डावीउजवीकडे झोके खातो, ते बरंचसं यावरच ठरतं.

माझा ट्रेलर एका अ‍ॅक्सलचा, इलेक्ट्रिक ब्रेकचा, भरल्यावर साधारण ९०० किलोचा. त्याला सव्वा इंची रिसीव्हरचा (हिचची चौकोनी नळी) दुसऱ्या क्लासचा, म्हणजे ओढण्याच्या क्षमतेच्या दुसऱ्या वर्गातला, हिचही पुरला असता, कारण त्याची मर्यादा ३,५०० पौंड, म्हणजे जवळजवळ १,६०० किलो असते. तरी मी २ इंची रिसीव्हरचा तिसऱ्या क्लासचा घेतला, कारण त्यात उंची कमीजास्त करता येणारे बॉल माउंट भरपूर मिळतात. माउंट म्हणजे रिसीव्हरमध्ये घालायचा दांडा, त्यावर बॉल, म्हणजे लोखंडी गोळा, बसतो आणि त्या बॉलवर ट्रेलरच्या नाकाचा कपलर. मोठा हिच लावला म्हणून गाडीची ताकद मात्र वाढत नाही. गाडी, हिच, माउंट, बॉल, कपलर, सुरक्षेच्या साखळ्या यांत ज्याचा आकडा सगळ्यात कमी, तीच आपली मर्यादा.

उंचीचं माप सोपं आहे. सपाट जमिनीवर ट्रेलर लेव्हलमध्ये उभा करायचा, कपलरची आणि रिसीव्हरची उंची मोजायची आणि फरकाप्रमाणे माउंट वरखाली करायचा. गाडीत माणसं आणि सामान भरलं की मागची बाजू दबते, तेही धरायचं. ट्रेलरचं नाक किंचित खाली असलं तर चालतं, वर नको.

बॉलवर आणि कपलरवर कोरलेलं माप वाचूनच जोडी जमवा. ५० मिलिमीटर आणि २ इंच डोळ्यांना एकच वाटतात, पण २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. एवढ्या फरकाने कपलर नीट बसत नाही. बॉलवर टेकवून लॅच लावल्यावर मी दरवेळी जॅकने ट्रेलरचं नाक उचलतो. गाडीची मागची बाजू सोबत वर आली, तरच कपलर खरोखर धरला आहे.

नाकावरचा भार मी वजनकाट्यावर कपलर टेकवून मोजतो, ट्रेलर भरलेला आणि लेव्हलमध्ये ठेवून. अशा ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार लागतो, म्हणजे माझ्याकडे ९० ते १३५ किलो. पण गाडीच्या मॅन्युअलमधली मर्यादाही बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांना ती ७५ किंवा १०० किलोच असते आणि मग गणित तिथेच अडतं. जड सामान अ‍ॅक्सलच्या थोडं पुढे ठेवायचं हे सगळ्यांना माहीत असतं. वाटेत अर्धं सामान उतरवल्यावर उरलेलं पुन्हा लावायचं मात्र राहून जातं. पुढचं उतरलं आणि मागचं तसंच राहिलं, की नाक हलकं होतं. झोके सुरू झालेच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरच्या (गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक चालवायचं यंत्र) हाताच्या लिव्हरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळू लावायचे. गाडीचा ब्रेक दाबायचा नाही.

नवा ट्रेलर म्हणजे तयार ट्रेलर, असं कोणी समजू नये. पहिल्या ८० ते १६० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा कसावे लागतात. माझ्या एका चाकाचे चांगलेच फिरले. पहिल्या थांब्यावर चारही बाजूंनी फिरून चाकांच्या मधल्या हबला हात लावून बघतो. एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक तपासायचा. माझ्या ट्रेलरला डावा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवा मंद व्हायचा. असं दिसलं की आधी अर्थिंग, म्हणजे वायरची ट्रेलरच्या लोखंडाशी असलेली जोडणी, बघा. पांढऱ्या वायरचं टोक रंगावरच बसवलेलं होतं. खाली लोखंड उघडं होईपर्यंत घासलं, बोल्ट आवळला, दिवे नीट झाले. साखळ्या कपलरखालून एकमेकींवर फुली घालून जोडतो, कारण कपलर निसटलाच तर नाक त्यांच्यावर अडकतं. ब्रेक-अवेची तार (ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) मात्र साखळीला किंवा बॉल माउंटला अडकवू नका, थेट गाडीला जोडा.

तक्रारी आहेत. रिकाम्या ट्रेलरसोबत रिसीव्हरमधला माउंट खूप खडखडायचा. वरून आवळायचा क्लॅम्प लावल्यावर आवाज बराच कमी झाला. माउंट लावून ठेवला की मागचे पार्किंग सेन्सर ओरडत राहतात, म्हणून काम झालं की मी तो काढूनच ठेवतो. उंची बदलायच्या पिनांच्या भोकांत गंज धरू लागलाय, तिथे ग्रीस लावत राहावं लागतं.

ज्यांचा ट्रेलर कायम एकच राहणार आहे त्यांनी उंची बदलणाऱ्या माउंटच्या नादी लागू नये. योग्य ड्रॉपचा, म्हणजे हवा तेवढा खाली उतरणारा, एकसंध माउंट घ्यावा. तो हलका असतो आणि त्यात खडखडायला जोडही कमी असतात.