बहुभुज काढावा की घटक मांडावेत?

एका बिंदूवर तीन-चार बलं लागली आहेत आणि परिणामी बल, म्हणजे त्या सगळ्यांच्या जागी चालेल असं एकच बल, काढायचंय. कागदावर प्रमाणात बहुभुज काढावा, की प्रत्येक बलाचे आडवे-उभे घटक करून बेरीज करावी? डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला शिकवताना मला हे नेहमी विचारलं जातं. समांतरभुज चौकोन मी या तुलनेत धरत नाही. दोनाहून अधिक बलं आली की तो पुन्हा पुन्हा काढत बसावं लागतं.

बहुभुजाबद्दल मला आदर आहे. बाणाच्या टोकाला पुढचा बाण जोडत गेलं की एकूण ओढ कुठे आहे ते दिसू लागतं. बलांचा क्रम बदला, आकृती पार बदलते. पण आरंभबिंदूपासून शेवटच्या टोकापर्यंतची रेघ तीच येते. सदिश बेरीज, म्हणजे दिशा धरून केलेली बेरीज, मनात बसायला याहून चांगला मार्ग मला तरी सापडलेला नाही. झुरिकला कार्ल कुलमान यांनी एकोणिसाव्या शतकात अशा आलेखी पद्धतींचं शास्त्रच उभं केलं. आयफेल टॉवरचा पहिला आराखडा काढणारे मॉरिस केक्लँ त्यांचेच विद्यार्थी.

मला खटकतं ते एकच. बलं एकमेकांना जवळजवळ तोलत असली की बहुभुज दगा देतो. समजा 50 न्यूटन 0 अंशावर, 40 न्यूटन 120 वर आणि 45 न्यूटन 240 वर आहे. 1 सेंमी = 5 न्यूटन धरलं तर रेघा 10, 8 आणि 9 सेंमीच्या, आणि उत्तराची रेघ जेमतेम पावणेदोन सेंमीची. शेवटच्या बलाची 9 सेंमीची रेघ काढताना कोनमापक एका अंशाने सरकला की टोक दीड मिलिमीटरने हलतं. लांब रेघेला त्याचं काही वाटलं नसतं; इथे मात्र 8.66 न्यूटनऐवजी 7.9 किंवा 9.4 येतं. पेन्सिल कितीही टोकदार ठेवा, अशा गणितात वर्गातल्या वह्या एकमेकींशी जुळत नाहीत. प्रयोगशाळेत तर गाठ असतेच मुळी समतोलाजवळच्या बलांशी.

घटकांच्या तक्त्यात, म्हणजे दर बलाला एक ओळ देऊन घटक मांडले की, आडवी बेरीज 7.5 येते, उभी उणे 4.33. वर्गांच्या बेरजेचं मूळ 8.66, दिशा आडव्या अक्षाखाली 30 अंश. एखादं बल बदललं तर एकच ओळ पुन्हा लिहायची.

तक्त्यातही एक खाच आहे. दोन्ही बेरजांची चिन्हं उलटी असती, तरी कॅल्क्युलेटरने टॅन इन्व्हर्सचं (उभी भागिले आडवी) उत्तर उणे 30 च दिलं असतं. खरी दिशा मात्र 150 अंश. त्यामुळे चिन्हांवरून चरण, म्हणजे अक्षांनी केलेल्या चार भागांपैकी कोणता, ते आधी ठरवावं लागतं. ज्यांना साइन-कोसाइनची अजून धास्ती वाटते त्यांनी काही दिवस बहुभुजावर हात बसवला तरी हरकत नाही. उत्तराचा आकडा मात्र मी तक्त्यातूनच घेतो, आणि चरण ताडून पाहायला शेजारी हातानेच एक कच्चा बहुभुज काढतो, मोजपट्टी न लावता.