फराळ, बांद्र्याचा केक की सरळ वडापाव? गेम नाईटला टेबलावर काय ठेवायचं

आमचे डी अँड डीचे, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट खेळायच्या गेमचे, दोन मोठे सेशन ठरलेले असतात, एक भाऊबीजेनंतरच्या शनिवारी आणि दुसरा नाताळ ते थर्टीफर्स्टच्या मधे. पहिल्याला सगळ्यांच्या घरी फराळ उरलेला असतो आणि नातेवाईकांचा कंटाळा आलेला असतो, दुसऱ्याला ऑफिसं अर्धी रिकामी असतात. दादरचा वन बीएचके, सहा माणसं, एक सेंटर टेबल आणि त्यावर मॅप, मिनी (पात्रांच्या छोट्या बाहुल्या), शीट (आपल्या पात्राची माहिती लिहिलेला कागद), डाइस, मोबाईल, चार्जर, मग उरलेल्या वीतभर जागेत खाणं. यंदा पहिल्यांदा तुमच्याकडे गेम असेल आणि फराळ मांडू की बाहेरून मागवू असं चाललं असेल तर हे वाचा.

माझं साधं म्हणणं आहे, चव नंतर बघा, आधी बोटं बघा. घरी टीव्हीसमोर चिवडा खाताना हात कशालाच लागत नाही, पण इथे दर पाच मिनिटांनी डी२० (वीस बाजूंचा फासा) उचलायचा, पेन्सिल धरायची, शीटवर हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा उरलेला जीव, खोडायचे, परत हात बशीत. हा गेम १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला आणि तिकडे टेबलावर चिप्स आणि कोल्ड्रिंक हे जवळपास ठरलेलंच, मसाल्याची नारिंगी पावडर लागलेल्या बोटांवर तिकडचे लोक पण वैतागतात, काहीजण तर चॉपस्टिकने चिप्स खातात. आपल्याकडे पावडर नाही, हळद आहे, तेल आहे आणि तूप आहे.

तर फराळ. चकली मला सगळ्यात जास्त आवडते आणि सेशनला मी तीच सगळ्यात शेवटी ठेवेन. एक तर भाजणीची चकली कितीही कोरडी दिसली तरी बोटाला तेल सोडते, दुसरं म्हणजे आवाज. डीएम, म्हणजे गेम चालवणारा, हळू आवाजात सांगतोय की तळघरात कुणीतरी श्वास घेतंय आणि तेवढ्यात कुणाच्या तरी तोंडात कडाड्कन चकली, गेला ना मूड. आणि दिवाळीत मुंबईची हवा दमट असली की डबा अर्धा तास उघडा राहिला तरी ती सादळते, मग आवाज येत नाही पण खायलाही मजा येत नाही. चिवड्याचा प्रॉब्लेम वेगळा, हळद. माझ्या विझार्डच्या, म्हणजे गेममधल्या माझ्या जादूगाराच्या, शीटवर दोन वर्षांपूर्वीचा पिवळा अंगठा अजून आहे. पण चिवडा वाटीत चमच्यासकट प्रत्येकाला वेगळा दिला तर एकदम पास, फक्त मोठा बाऊल मधे ठेवू नका, सगळे हात घालतात आणि शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वेचणारा एक रोग असतोच प्रत्येक पार्टीत.

करंजी चावली की सारण मॅपवर. अनारसा म्हणजे तूप प्लस खसखस, ती खसखस डाइस ट्रेमधून काढायला मी ब्रश वापरलाय. शेव नाहीच. रव्याचा लाडू भुगा होतो, बेसनाचा टाळूला चिकटतो, आणि तो मी मुद्दाम ठेवतो, जो प्लेअर दुसऱ्याच्या टर्नला सल्ले देतो त्याच्या पुढ्यात.

आणि मग शंकरपाळी. हिच्याबद्दल घरात कुणी फारसं कौतुकाने बोलत नाही, फराळाच्या ताटात ती कोपऱ्यात पडलेली असते, पण या टेबलावर ती राणी आहे. एका घासाची, कोरडी, चुरा नाही, डाग नाही, आवाज बेताचा, सादळत नाही लवकर, आणि डोळे मॅपवर ठेवून पण हाताला सापडते. मोहन जास्त झालेली असेल तर हातात भुसभुशीत होते, तेवढं आधी एक खाऊन बघा. वर बोनस म्हणजे मिनी कमी पडल्या तर गॉब्लिन (छोटे राक्षस) म्हणून तीच मांडा, ज्याने मारला त्याने खायचा. आमच्याकडे एकदा एका बार्बेरियनने (गेममधला रांगडा लढवय्या) नियम न मोडता अकरा खाल्ले.

नाताळाचं ताट याला टक्कर देतं का? बऱ्यापैकी. बांद्रा, वसई, उत्तनकडच्या मित्रांकडून येणारे कुलकुल म्हणजे शंकरपाळीचे भाऊच, मैद्याचे, काट्यावर नाहीतर कंगव्यावर वळलेले, तळून साखरेत घोळवलेले. साखरेचा थर पातळ असेल तर शंकरपाळीइतकेच भारी, जाड असेल तर बोटं चिकट. काजूचं मार्झिपान दिसायला गोड पण हातात मऊ पडतं, पेरूचं चीज (पेरूची चिकट वडी) तर डाइसला चिकटलं की नॅचरल ट्वेंटीवरही, म्हणजे फाशावर थेट पडलेल्या वीसवरही, कुणी विश्वास ठेवत नाही. रम केक मात्र हवाच, कापून बटर पेपरमध्ये एकेक तुकडा गुंडाळून द्या. फक्त घरात न पिणारं किंवा अंडं न खाणारं कुणी असेल तर आधी विचारा, सुका मेवा रममध्ये मुरवलेला असतो, ते नंतर कळणं बरं नाही. थोडक्यात डिसेंबरला केक प्लस कुलकुल, दिवाळीला शंकरपाळी प्लस वाटीतला चिवडा, दोन्हीत मी दिवाळीला एक पॉइंट जास्त देईन कारण ते फुकट येतं.

वडापाव, समोसे वगैरे गरम मागवायचं तर ते टेबलावर आणायचंच नाही. लसणाची लाल चटणी आणि मॅप यांचं जमत नाही. साडेआठला ब्रेक घ्या, सगळे उठून किचनच्या ओट्याशी उभं राहून खा, हात साबणाने धुवा, मग परत बसा. मागच्या वर्षी एका ठिकाणाहून मागवलं तर ऑर्डर दीड तासाने आली, नेमकी ड्रॅगनशी लढताना कुणाची पाळी आधी ते ठरवायचा इनिशिएटिव्ह रोल करताना, आणि बेल वाजल्यावर पाच जण उठले, ड्रॅगन एकटाच बसून राहिला. त्यामुळे मागवायचं तर सेशन सुरू व्हायच्या आधी मागवा नाहीतर खाली जाऊन घेऊन या.

प्यायला काय यावर आमच्यात भांडणं झालीत. पियुष सगळ्यांना आवडतं, दादरला प्रकाशचं जवळच आहे, पण श्रीखंड, ताक आणि वर जायफळ, एक ग्लास पोटात गेला की क्लेरिक (पार्टीतला पुजारी) पेंगायला लागतो. मसाला दूधही तसलंच. कोकम सरबत चवीला एक नंबर आणि पोटालाही बरं, पण सांडलं तर कॅरेक्टर शीट कायमचं लाल, म्हणून ते झाकणाच्या बाटलीतच. सोलकढी जेवणासोबत ठेवा, नुसती दोन तास राहिली की नारळाचं दूध वर आणि पाणी खाली होतं. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली स्वस्त पडते पण रात्री दहापर्यंत गॅस जातो.

मी चहावर येऊन थांबलोय. थर्मासमध्ये, स्टीलच्या छोट्या ग्लासात, कटिंगएवढाच, कारण छोटा ग्लास सांडला तरी नुकसान छोटं. ग्लास टेबलावर नाही, खुर्चीशेजारी स्टुलावर. पहिला राउंड सुरुवातीला, दुसरा साडेदहाला, त्यानंतर नाही कारण विरार आणि डोंबिवलीवाल्यांना शेवटची लोकल पकडून घरी जाऊन झोपायचंही असतं.

प्रमाण विचाराल तर सहा जणांना पाच तासांत अर्धा किलो शंकरपाळी आणि तेवढाच चिवडा आमच्याकडे संपतो, लाडू माणशी एक. उरलं तर आई निघताना प्रत्येकाच्या हातात डबा देते, आणि डबा रिकामा परत द्यायचा नसतो, त्यामुळे पुढच्या सेशनचं खाणं आपोआप ठरतं. माझ्या ओट्यावर आत्ता तीन डबे आहेत, त्यातला एक कुणाचा ते आठवत नाहीये.