"काका, डोळे मिटून ऐका"

जुना टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) घ्यायच्या नादात माझे साडेसोळा हजार गेले. युक्ती इतकी साधी होती की आणखी कुणी सहज गळाला लागेल, म्हणून लिहितोय.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी रेकॉर्ड चाळताना एकाशी ओळख झाली. त्याच्या घरी गॅरार्ड कंपनीचा 'चालू कंडिशन'चा टर्नटेबल होता. बघायला भाच्याला घेऊन गेलो. तो मोबाईलवर ऐकणारा. तबकडीच्या आवाजाला ऊब असते, डिजिटल कोरडं, हे त्याला मी शंभरदा ऐकवलेलं. विकणाऱ्याने भीमसेनजींची एलपी लावली, धूळ बसते म्हणून झाकण मिटलं, पंखा पाचवर केला आणि म्हणाला, "काका, डोळे मिटून ऐका." मिटले की मी! वर भाच्याला म्हणालो, "बघ, याला म्हणतात ऊब." पैसे तिथेच मोजले.

घरी आणल्यावर तबकडी फिरते, सुई पुढे सरकते, पण स्पीकरमधून फक्त गुंऽऽ. विकणाऱ्याचा फोन बंद. शेवटी ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यांनी कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या डबीला, मीटर लावला. आतली कॉइल तुटलेली. रेकॉर्डखालची थाळी फिरवणारं रबरी चाकही एका जागी चपटं झालेलं.

"पण तिथे तर वाजत होता हो!"

"त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला फोनोचं, म्हणजे टर्नटेबल जोडायचं, तोंड होतं का?"

नव्हतं. वायर ऑक्स नावाच्या साध्या तोंडात होती, मध्ये बारीक सिग्नल वाढवणारा प्रीअँप वगैरे काही नाही. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट निघतात. शिवाय रेकॉर्डवर खर्ज दाबून आणि वरचे स्वर चढवून कोरलेले असतात, ते प्रीअँपमध्ये पुन्हा सरळ करावे लागतात. कार्ट्रिज धड असतं तरी नुसत्या ऑक्सवर आवाज बारीक आणि किनरा यायला हवा होता. आणि मला आठवला अ‍ॅम्प्लिफायरवरचा तो छोटा निळा दिवा. ब्लूटूथ! तेच गाणं कुठल्या तरी फोनवरून चाललं होतं. सुरुवातीला एकही चरचर नव्हती, हेसुद्धा तेव्हाच खटकायला हवं होतं.

आता कुणाकडे बघायला गेलो की आधी पंखा बंद, झाकण उघडं, व्हॉल्यूम शून्यावर. सुईशी कान नेला तर गाणं बारीक कुजबुजल्यासारखं ऐकू येतं. मग व्हॉल्यूम वाढवून मध्येच आर्म (सुईचा दांडा) उचलायला लावतो. आवाज त्याच क्षणी थांबला पाहिजे. रेकॉर्ड घरची नेतो, कुठली ते आधी सांगत नाही. विकणारे वैतागतात. वैतागू देत.

नवं कार्ट्रिज बसवलं, चाक घासून गोल करून घेतलं. आणखी सहा हजार. परवा पहिल्यांदा वाजला. आधी चरचर, मग तानपुरा. भाचा शेजारीच बसला होता. म्हणाला, "मामा, त्या दिवशीची ऊब जास्त होती."